अंगठा, संगमरवर आणि उंचावलेला हात

रिंगणात एक ग्लॅडिएटर आडवा पडलाय. दुसऱ्याची तलवार त्याच्या गळ्याशी आहे. प्रेक्षकांचा गलका टिपेला पोचलाय. सम्राट सावकाश उठतो, हात पुढे करतो, क्षणभर थांबतो आणि अंगठा खाली वळवतो. पुढे काय होणार हे सांगायला सबटायटल्स लागत नाहीत. लॅटिनचं एक अक्षर न येणाऱ्या माणसालाही या खुणेचा अर्थ ठाऊक असतो.

खुद्द रोमन लोकांनी मात्र या खुणेबद्दल फारच थोडं लिहून ठेवलंय. ज्युव्हेनल या कवीच्या तिसऱ्या उपहासकवितेत, प्रेक्षकांनी अंगठा 'वळवला' की खेळ भरवणारा माणसाला मारायला लावतो, असा ओझरता उल्लेख आहे. अंगठा कुठे वळवला, खाली, वर की छातीकडे, ते तो सांगत नाही. त्याच्या वाचकांना ते माहीतच होतं. थोरला प्लिनी दुसऱ्याच संदर्भात लिहितो की अंगठा दाबून धरणं ही पसंतीची खूण. या आणि अशा उल्लेखांची छाननी करून अँथनी कॉर्बील या अभ्यासकांनी मांडलंय, की मरणाची खूण बहुधा वर उठलेला अंगठा ही असावी आणि जीवदानाची खूण म्हणजे मुठीवर दाबलेला अंगठा. हे बरोबर असेल तर आज आपण फोनवर ज्याला 'लाइक' म्हणतो, त्या खुणेने रोममध्ये माणूस मेला असता.

मग खाली वळलेला अंगठा आला कुठून? त्याचं उत्तर सापडतं, आणि तारखेसकट सापडतं. १८७२ साली जाँ-लेओं जेरोम या फ्रेंच चित्रकाराने 'पोलिचे व्हेर्सो', म्हणजे 'वळवलेला अंगठा', नावाचं एक मोठं तैलचित्र रंगवलं. त्यात विजयी ग्लॅडिएटर प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर पाय देऊन उभा आहे आणि पुढच्या रांगेतल्या शुभ्रवस्त्रा व्हेस्टल पुजारिणी आवेशाने अंगठे खाली करून त्याचं मरण मागतायत. चित्र गाजलं, त्याच्या प्रतिकृती घरोघरी गेल्या. सव्वाशे वर्षांनी 'ग्लॅडिएटर'च्या निर्मात्यांनी दिग्दर्शक रिडली स्कॉटला पटकथेच्या आधी याच चित्राची प्रत दाखवली आणि तो चित्रपट करायला तयार झाला.

मी इतिहासाचा अभ्यासक नाही. पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, आणि लिहितो त्याहून जास्त वेळ दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचतो. आमच्याकडे गिट नावाची एक प्रणाली असते. तिच्यात 'ब्लेम' ही आज्ञा दिली की प्रत्येक ओळीपुढे ती कोणी आणि कधी लिहिली हे उमटतं. एखादी चमत्कारिक ओळ दिसावी, ब्लेम करावं, आणि कळावं की ती सात वर्षांपूर्वी कुणीतरी घाईत लिहिली होती; पुढच्या प्रत्येकाने 'आहे त्या अर्थी असेल काहीतरी कारण' म्हणून ती तशीच पुढे नेली. पडद्यावरच्या रोमवर हीच आज्ञा चालवून पाहिली तर काय दिसतं, त्याबद्दल हा लेख आहे. बऱ्याच ओळींपुढे प्राचीन काळातल्या कुणाचं नावच येत नाही. येतात ती एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांची, कादंबरीकारांची आणि नाटकवाल्यांची. आणि त्यातली एक ओळ अशी आहे, की ती पडद्यावरून उतरून रस्त्यावर आली.

नकलेची नक्कल

जेरोमचंच आणखी एक चित्र घेऊ. १८५९ सालच्या या चित्रात ग्लॅडिएटर सम्राटापुढे रांगेत उभे राहून 'आम्ही मरणारे तुला वंदन करतो' अशा अर्थाचा पुकारा करतायत. रोमवरच्या सिनेमात हा पुकारा हटकून असतो. पण या वाक्याचा आधार म्हणजे एकच प्रसंग, आणि तोही ग्लॅडिएटरांचा नाही. इ.स. ५२ मध्ये सम्राट क्लॉडियसने फुकिनुस तलावावर लुटुपुटीचं, पण खरोखर माणसं मारणारं, आरमारी युद्ध भरवलं होतं. त्यात लढणारे लोक शिक्षा झालेले कैदी होते. स्वेटोनियस सांगतो की त्यांनी हा पुकारा केल्यावर क्लॉडियस 'किंवा नाहीही' अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटला. कैद्यांनी त्याचा अर्थ 'माफी मिळाली' असा घेतला आणि लढायचं साफ नाकारलं. शेवटी सम्राटाला उठून, लंगडत तलावाच्या काठाने फिरून, धमक्या देत आणि विनवण्या करत त्यांना लढायला लावावं लागलं. हे दृश्य मी कुठल्याही सिनेमात पाहिलेलं नाही. पडद्यावरचा सम्राट क्रूर असू शकतो, वेडा असू शकतो. गोंधळलेला आणि हास्यास्पद सहसा नसतो.

चित्रांच्या जोडीला कादंबऱ्या होत्या. १८३४ साली बुल्वर-लिटनची 'द लास्ट डेज ऑफ पाँपेई', १८८० साली ल्यू वॉलेसची 'बेन-हर', आणि १८९५-९६ मध्ये पोलिश लेखक हेन्रिक शेंकेविचची 'को व्हादिस'. 'बेन-हर' १८९९ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आली तेव्हा रथांच्या शर्यतीसाठी खरे घोडे सरकत्या पट्ट्यांवर पळवत होते. सिनेमा जन्मला तेव्हा हे सगळं तयारच होतं. 'बेन-हर'चा पहिला मूकपट १९०७चा, मग १९२५चा, मग ११ ऑस्कर मिळवणारा १९५९चा आणि शेवटी २०१६चा. १९१३च्या इटालियन 'को व्हादिस'मध्ये तर जेरोमचं चित्र जसंच्या तसं उभं केलेलं आहे.

'बेन-हर'मधला जहाजाच्या पोटात साखळदंडाने बांधलेला, ढोलाच्या ठेक्यावर वल्हं मारणारा गुलाम आठवतो? रोमन आरमारात वल्ही मारणारे बहुतेक लोक पगारी होते. वल्हं मारण्याची शिक्षा आणि ते साखळदंड ही गोष्ट भूमध्य समुद्रावरच्या खूप नंतरच्या, पंधराव्या ते अठराव्या शतकातल्या आरमारांची. वॉलेसने ती दीडेक हजार वर्षं मागे नेली. आता साखळदंड नसलेलं रोमन जहाज दाखवलं तर प्रेक्षकच म्हणेल, हे काही खरं वाटत नाही.

पुढे सिनेमा सिनेमाचीच नक्कल करू लागला. 'ग्लॅडिएटर' (२०००) आणि अँथनी मानचा 'द फॉल ऑफ द रोमन एम्पायर' (१९६४) शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत सीमेवरच्या छावणीतला वृद्ध मार्कस ऑरेलियस, दोन्हींत कोमोडसला डावलून एका सेनापतीला वारस करण्याचा त्याचा बेत, दोन्हींत खून, आणि दोन्हींत शेवटी सेनापती विरुद्ध सम्राट असं द्वंद्व. प्रत्यक्षात कोमोडस बापाच्या हयातीतच सहसम्राट झाला होता. बाप इ.स. १८० मध्ये गेल्यावर त्याने पुढे १२ वर्षं राज्य केलं. १९२ सालच्या ३१ डिसेंबरला, कट रचणाऱ्यांनी दिलेलं विष पुरेसं चढलं नाही म्हणून, नार्किसुस नावाच्या एका मल्लाने त्याचा गळा आवळला.

त्याच्या कारकिर्दीचा प्रत्यक्ष साक्षीदार आपल्याला उपलब्ध आहे. सिनेटर आणि इतिहासकार कॅसियस डिओ प्रेक्षकांत बसलेला असताना कोमोडसने रिंगणात एक शहामृग मारला आणि त्याचं कापलेलं डोकं एका हातात, रक्ताळलेली तलवार दुसऱ्या हातात घेऊन तो सिनेटरांसमोर आला. तोंडाने काही न बोलता दात विचकत त्याने मान हलवली. पुढची पाळी तुमची, असा त्याचा अर्थ. डिओ लिहितो की त्या क्षणी भीतीपेक्षा हसू अनावर झालं होतं आणि हसणारा जागीच मेला असता. म्हणून त्याने डोक्यावरच्या माळेतली तमालपत्रं तोडून चघळायला सुरुवात केली आणि शेजाऱ्यांनाही चघळायला लावली, म्हणजे तोंड हलतंय ते हसण्यामुळे हे कळू नये. हुकूमशाहीत जगणं कसं असतं याचं इतकं अस्सल वर्णन मी क्वचितच वाचलंय. 'ग्लॅडिएटर' २००० साली आला आणि २०२४ साली त्याचा दुसरा भाग आला. तमालपत्रांचा हा प्रसंग अजून कुणी पडद्यावर आणलेला नाही. दुसऱ्या भागात कलोसियममध्ये पाणी भरून जहाजं लढवली आहेत. ते पाहून 'काहीच्या काही' म्हणणारे प्रेक्षक मला भेटले, पण जुने लेखक तशा खेळाची नोंद करतात. त्यातले शार्क तेवढे नव्याने सोडलेले आहेत.

पांढरं रोम

दुसरी ओळ रंगाची. पडद्यावरचं रोम आणि ग्रीस पांढरं असतं. पांढरे खांब, पांढरे पुतळे, पांढरे झगे.

प्राचीन पुतळे रंगवलेले असत. केस, ओठ, डोळे, कपड्यांचे काठ, सगळ्याला रंग असे. १८६३ साली रोमजवळ प्रिमा पोर्ता इथे ऑगस्टसचा प्रसिद्ध पुतळा सापडला तेव्हा त्यावर लाल, निळ्या रंगांच्या खुणा नुसत्या डोळ्यांना दिसत होत्या. पार्थेननवरची शिल्पपट्टी रंगीत होती हे दाखवणारं चित्र लॉरेन्स अल्मा-टाडेमाने १८६८ सालीच काढलं होतं. म्हणजे माहिती नव्हती असं अजिबात नाही. पण जमिनीखाली दोन हजार वर्षं राहून रंग उडालेले पुतळे युरोपच्या अभिरुचीला इतके भावले होते, की पांढरेपणा हाच सौंदर्याचा आणि शुद्धतेचा निकष होऊन बसला. विंकलमानने १७६४ साली लिहिलेला प्राचीन कलेचा इतिहास या अभिरुचीचा पाया मानला जातो. १९३७-३८ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेननच्या शिल्पांची 'सफाई' झाली. ती पांढरी दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी त्यांचे पृष्ठभाग खरवडण्यात आले. मूळ वस्तू कल्पनेशी जुळत नव्हती, तेव्हा वस्तूच बदलली.

हॉलिवूडने अल्मा-टाडेमाकडून बरंच उचललं. सेसिल डिमिलने त्याच्या चित्रांवरून दृश्यं रचली, आणि 'ग्लॅडिएटर'चे कलादिग्दर्शक आर्थर मॅक्स यांनीही त्याचं ऋण मान्य केलंय. पण उचलला तो त्याचा चमकता संगमरवर. त्याची रंगीत शिल्पपट्टी तिथेच राहिली.

हा नुसता सजावटीचा प्रश्न असता तर मी त्यावर एवढं लिहिलं नसतं. सारा बाँड या अमेरिकी इतिहासकारांनी २०१७ साली एक लेख लिहिला. त्यात त्यांनी पुतळे रंगीत होते आणि पांढऱ्या संगमरवराच्या पूजेचा वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांशी संबंध आहे, असं म्हटलं. त्यावर त्यांना धमक्या आल्या. बीबीसीच्या एका शैक्षणिक कार्टूनमध्ये रोमन ब्रिटनमधलं एक कुटुंब कृष्णवर्णीय बापासह दाखवलं होतं. ते वास्तवाला धरून आहे असं म्हणणाऱ्या केंब्रिजच्या मेरी बिअर्ड यांच्यावर त्याच वर्षी समाजमाध्यमांत कित्येक दिवस गलिच्छ हल्ले झाले. उत्तर आफ्रिकेपासून सिरियापर्यंत पसरलेल्या साम्राज्यात सगळ्या रंगांची माणसं सगळीकडे जात-येत होती, हे इतिहासात नवं नाही. पण हल्ला करणाऱ्यांच्या डोक्यातलं रोम पुस्तकातून आलेलं नव्हतं.

उंचावलेला हात

आता ती रस्त्यावर उतरलेली ओळ.

उजवा हात खांद्यातून सरळ पुढे, बोटं जुळलेली, तळवा खाली. सिनेमातल्या रोमन सैनिकांची ही सलामी सगळ्यांच्या ओळखीची आहे, आणि तिला 'रोमन सलाम' असंच नाव आहे. मार्टिन विंकलर या अभ्यासकांनी २००९ साली या एका हावभावावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचा निष्कर्ष असा, की अशी सलामी रोमनांची रीत होती हे दाखवणारं रोमन शिल्प, नाणं किंवा मजकूर सापडत नाही. हात उंचावलेले पुतळे भरपूर आहेत, पण तो भाषण करणाऱ्याचा किंवा लोकांना आश्वस्त करणाऱ्याचा सैल हात. ठरलेली, ताठ, सामूहिक सलामी ही वेगळी गोष्ट.

ब्लेम चालवला तर पहिलं नाव येतं जाक-लुई दाविदचं. १७८४ साली त्याने 'होरेशियस बंधूंची शपथ' हे चित्र रंगवलं. त्यात तीन भाऊ बापाच्या हातातल्या तलवारींकडे हात ताठ करून देशासाठी मरण्याची शपथ घेतात. फ्रेंच राज्यक्रांतीच्या उंबरठ्यावरचा हा काळ. प्रजासत्ताक, त्याग, एकजूट या सगळ्याचं प्रतीक म्हणून तो हात पुढच्या चित्रांत जात राहिला. तिथून तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला रंगभूमीवर आला. त्या काळात त्याला काही दुर्गंधी नव्हती. अमेरिकेत १८९२ सालापासून शाळेतली मुलं राष्ट्रध्वजाची शपथ म्हणताना असाच हात पुढे करत.

मग १९१४ साली 'काबिरिया' हा इटालियन मूकपट आला. दिग्दर्शक जोव्हान्नी पास्त्रोने. पडद्यावरच्या मजकूर-पाट्या लिहिल्या होत्या गाब्रिएले दान्नुन्त्सिओ या तेव्हाच्या सर्वांत झगमगत्या इटालियन कवीने. विषय रोम विरुद्ध कार्थेज, म्हणजे इटली विरुद्ध उत्तर आफ्रिका. इटलीने १९११-१२ मध्ये लिबिया जिंकायला घेतला होता, त्यामुळे प्रेक्षकांना हे युद्ध परकं नव्हतं. या चित्रपटात हात उंचावून केलेली सलामी पुन्हापुन्हा दिसते.

पाच वर्षांनी, सप्टेंबर १९१९ मध्ये, हाच दान्नुन्त्सिओ हजारो सैनिक घेऊन फियुमे या शहरात घुसला आणि पुढचे पंधरा महिने तिथला हुकूमशहा होऊन बसला. सज्ज्यावरून भाषणं, गर्दीशी सवाल-जवाब, काळे शर्ट आणि उंचावलेला हात, हे सारं त्याने तिथे वापरलं. मुसोलिनी हे बारकाईने पाहत होता. विसाच्या दशकात हा हात फॅसिस्ट पक्षाची आणि मग इटलीच्या सरकारची अधिकृत सलामी झाला. तिथून तो जर्मनीत गेला, आणि त्याचं पुढे काय झालं हे सांगायला नको. चित्र, नाटक, सिनेमा, मग राज्यसंस्था, असा हा प्रवास आहे. सिनेमातून उचललेल्या एका हावभावाला 'आपल्या पूर्वजांची दोन हजार वर्षांची परंपरा' म्हणून कायद्याचं बळ मिळालं.

त्यातला सर्वांत कडवट विनोद १९३८चा. फॅसिस्ट पक्षाने हस्तांदोलनाच्या विरोधात मोहीम उघडली: हातात हात घेणं हे बुर्झ्वा, मऊ, परकं, खरा रोमन हात उंचावतो. आणि रोमन थडग्यांवर, शवपेट्यांवर, नाण्यांवर जो हावभाव शेकड्यांनी कोरलेला सापडतो, तो नेमका उजव्या हातात उजवा हात घेतलेला आहे. नवरा-बायको, दोन मित्र, करार करणारे दोन पक्ष. हस्तांदोलन रोमन होतं. बंदी त्याच्यावर आली.

मग सिनेमाने परतफेड सुरू केली. रोमजवळची चिनेचित्ता ही चित्रनगरी मुसोलिनीने एप्रिल १९३७ मध्ये सुरू केली. त्याच वर्षी कार्मिने गाल्लोनेचा 'शिपियोने ल आफ्रिकानो' हा चित्रपट सरकारी पाठबळाने आला. रोमचा सेनापती आफ्रिकेत हॅनिबलचा पराभव करतो, ही त्याची गोष्ट. इटलीने इथिओपिया जिंकल्याला तेव्हा जेमतेम एक वर्ष झालं होतं. व्हेनिसच्या महोत्सवात त्याला मुसोलिनीच्याच नावाचा करंडक मिळाला. जर्मनीत लेनी रीफेनश्टालच्या 'ऑलिंपिया'ची (१९३८) सुरुवात ग्रीक भग्नावशेषांनी होते आणि मायरनचा थाळीफेक्या पुतळा विरघळून त्याचा जिवंत जर्मन खेळाडू होतो. त्यात दिसणारी मशालीची दौड, ऑलिंपियापासून यजमान शहरापर्यंत, हीदेखील प्राचीन नाही. ती १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी कार्ल डीम यांनी सुरू केली. आजही दर चार वर्षांनी आपण ती 'प्राचीन परंपरा' म्हणून टीव्हीवर पाहतो.

युद्ध संपल्यावर त्याच हाताचा अर्थ उलटला. डिसेंबर १९४२ मध्ये अमेरिकेने शाळकरी मुलांचा हात खाली आणून छातीवर ठेवायला लावला होता. १९५१च्या हॉलिवूडच्या 'को व्हादिस'मध्ये रोमन सैनिक हात उंचावतात तेव्हा प्रेक्षकाला नाझी आठवावेत अशीच योजना आहे. पीटर उस्तिनोव्हचा नीरो सज्ज्यातून गर्दीला सामोरा येतो तेव्हा मुसोलिनी आठवल्याशिवाय राहत नाही. आणि या चित्रपटाचं चित्रण झालं कुठे? मुसोलिनीच्याच चिनेचित्तामध्ये.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल, तर एकच तारीख सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये इटलीच्या सर्वोच्च अपील न्यायालयाला निवाडा करावा लागला, की मेळाव्यात रोमन सलाम करणं गुन्हा कधी ठरतं. फॅसिस्ट पक्षाच्या पुनरुज्जीवनाचा प्रत्यक्ष धोका असेल तेव्हा, असं न्यायालयाने म्हटलं. निकालपत्रातही त्याचं नाव 'रोमन सलाम'च आहे.

स्वतंत्र माणसांची गोष्ट

ग्रीसचीही एक ओळ आहे. लहानपणी 'द ३०० स्पार्टन्स' (१९६२) हा चित्रपट पाहून भारावलेल्या फ्रँक मिलरने १९९८ साली '३००' हे कॉमिक काढलं आणि त्यावरून झॅक स्नायडरने त्याच नावाचा चित्रपट केला. आपल्या पिढीने कॉलेजच्या हॉस्टेलवर तो किती वेळा पाहिला याला गणती नाही. त्यातले स्पार्टन 'स्वतंत्र माणसं' म्हणून गुलामांच्या फौजेशी लढतात. शत्रू विद्रूप, राक्षसी. २००७ साली इराणने त्याचा अधिकृत निषेध केला होता.

चित्रपटात जे नाही ते असं: स्पार्टाची शेती हेलॉट नावाचे लोक करत. ते बंदिस्त होते, स्पार्टन नागरिकांपेक्षा संख्येने कितीतरी जास्त होते, आणि प्लूटार्क सांगतो की स्पार्टाचे अधिकारी दर वर्षी त्यांच्याविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत, म्हणजे त्यांना मारणं पाप ठरू नये. हे हेलॉट थर्मापिलीलाही गेले होते आणि तिथे मेले. शेवटच्या दिवशी ३०० स्पार्टनांबरोबर थेस्पिआई या लहानशा शहराचे ७०० लोकही स्वखुशीने थांबले होते. तेही सगळे मेले. त्यांच्या नावाचा टी-शर्ट निघालेला नाही.

आपल्याकडचा सिकंदर

असा ब्लेम आपल्याकडेही चालवता येतो. दादासाहेब फाळके सिनेमात येण्यापूर्वी शिळाप्रेसच्या धंद्यात होते आणि राजा रविवर्म्याच्या छापखान्याशी त्यांचा संबंध आला होता. आपल्या पडद्यावरचे देव कुणासारखे दिसतात, हे मग वेगळं सांगायला नको. पण इथे विषय ग्रीस-रोमचा आहे, म्हणून १९४१चा 'सिकंदर' घेतो. मुंबईत मिनर्व्हा या रोमन देवतेच्या नावाची चित्रसंस्था चालवणाऱ्या सोहराब मोदींचा हा चित्रपट. सिकंदर पृथ्वीराज कपूर, पोरस स्वतः मोदी आणि रुखसाना वनमाला. पुढे 'श्यामची आई'मध्ये आपण ज्यांना पाहिलं त्याच. परकीय आक्रमकापुढे ताठ उभा राहणारा राजा १९४१ साली कुणाला काय सांगत होता, हे इंग्रजांना बरोबर कळलं होतं. लष्करी छावण्यांमधल्या थिएटरांत चित्रपटाला बंदी होती.

या चित्रपटात रुखसाना पोरसला भाऊ मानून राखी बांधते आणि सिकंदरच्या जिवाचं वचन घेते. ॲरियन, प्लूटार्क, कर्टियस यांपैकी कुणाच्याही ग्रंथात हा प्रसंग नाही. पण दर श्रावणात राखीपौर्णिमेला 'या सणाचा इतिहास' म्हणून तो आपल्या फोनवर येतोच. हा हात उगारलेला नाही, राखी बांधून घेणारा आहे, एवढं आपलं नशीब.

मग पाहायचंच नाही का?

पाहायचं, भरपूर पाहायचं. चांगली उदाहरणंही आहेत. एचबीओची 'रोम' (२००५-०७) ही मालिका चिनेचित्तामध्येच उभी राहिली. तिच्यात भिंती रंगीत आहेत, त्यांवर अश्लील चित्रं खरडलेली आहेत, गल्ल्यांत चिखल आहे, चौकात दवंडी पिटणारा माणूस बातम्यांमध्येच पिठाच्या जाहिराती घुसवतो. तिचे नायक पुल्लो आणि व्होरेनस ही नावं सीझरच्या गॉल युद्धाच्या वृत्तांतात एका लहानशा प्रसंगात येतात. बाकी सगळं काल्पनिक आहे. घटनांचा क्रम तिथेही हवा तसा बदललाय. पण ओळी दुसऱ्या सिनेमातून न उचलता मुळात जाऊन वाचल्याचं जाणवतं, आणि त्यामुळेच ते शहर परकं, विचित्र आणि जिवंत वाटतं.

मला व्यक्तिशः अजून एक रोम पडद्यावर पाहायचंय. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेईवर मूकपटांपासून २०१४पर्यंत कितीतरी चित्रपट निघाले. तिथल्या एका घरात १९३८ साली जेमतेम वीतभर उंचीची एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी जवळचं साम्य असलेल्या मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत. त्याच शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये पैठण आणि तगर, म्हणजे तेर, यांची नावं आहेत आणि तिथला माल गाड्यांवर लादून भडोचला कसा जातो हेही आहे. उलट दिशेने आलेली पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडली. भारत दर वर्षी साम्राज्याच्या पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार थोरल्या प्लिनीने केली होती, आणि त्याचा मृत्यूही त्याच ज्वालामुखीच्या उद्रेकात झाला.

पडद्यावर हे रोम नाही, कारण दाविदने किंवा जेरोमने ते रंगवलं नव्हतं. जे रंगवलं गेलं ते पुढे चालत राहिलं, आणि त्यातलं एक चित्र एका देशाच्या सरकारने खरं मानून लोकांवर लादलं. म्हणून पुढच्या वेळी पडद्यावर 'प्राचीन' म्हणून काही दिसलं, आणि विशेषतः ते पाहून ऊर भरून आला, तर एकदा ब्लेम चालवून बघावं. ती ओळ कोणी लिहिली, कधी लिहिली, आणि तेव्हा त्याला काय हवं होतं. सिनेमा पाहण्याची मजा याने कमी होत नाही. रांगेत उभं राहून हात उंचावण्यापूर्वी मात्र माणूस एकदा थांबतो.